हातोडा कपाटातून बाहेर काढा

महाराष्ट्राची पाचांपैकी चार हिस्से जमीन एकाच खडकावर आहे. काळा पाषाण. पुस्तकातलं नाव बेसॉल्ट. आपल्या विहिरी त्यात, धरणं त्यावर, घाटरस्ते त्यातून, किल्ले त्याचे आणि वेरूळचं कैलास लेणंही त्यातच कोरलेलं. याच राज्यात हा खडक शिकवणारी पदवी कुणाच्या वाट्याला येते? ज्याला मेडिकल मिळालं नाही, इंजिनिअरिंग परवडलं नाही आणि केमिस्ट्रीची यादी भरली, त्याच्या. भूशास्त्राची बी.एस्सी. म्हणजे उरलेल्यांची पंगत, असं आपण ठरवून टाकलंय. याची किंमत आपण दरवर्षी मोजतो, कधी पैशात आणि कधी माणसांत.

प्रवेशाचे दिवस आहेत. आज ज्या घरात फॉर्म समोर ठेवून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: दगड शिकून काय करणार? उत्तराआधी दगड शिकणं म्हणजे काय, ते पाहू.

शाळेच्या भूगोलात अग्निज, स्तरित, रूपांतरित हे तीन शब्द पाठ केले की खडकांशी आपला संबंध संपतो. खरी ओळख कॉलेजात होते. पहिल्या वर्षी खनिजं. हातात एक तुकडा देतात आणि नाव विचारतात. नखाने ओरखडा उठतोय? जिप्सम असू शकेल. नख चालत नाही, पण चाकू चालतो आणि पातळ आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो? कॅल्साइट. चाकूही हरला आणि तुकड्याने काचेवरच चरा पाडला? क्वार्ट्झचा विचार करा. रंगावर जायचं नाही, हा पहिलाच धडा; एकच क्वार्ट्झ जांभळं असतं, गुलाबी असतं, धुरकट असतं आणि दुधी पांढरंही. जे दिसलं त्यावर लगेच शिक्का मारायचा नाही, आधी तपासायचं आणि मग बोलायचं, ही सवय अठराव्या वर्षी लागते. ती किती पदव्यांमध्ये लागते, ते तुम्हीच सांगा.

मग सूक्ष्मदर्शक. दगडाची चकती घासत घासत 0.03 मिलिमीटर इतकी पातळ करतात आणि काचपट्टीवर बसवतात. इतका पातळ झाला की काळा पाषाणही प्रकाश आरपार जाऊ देतो. तुमच्या रस्त्यावर पडलेली खडी ज्या दगडाची, त्याचीच पट्टी ध्रुवित प्रकाशात बघा. प्लॅजिओक्लेजच्या काड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या दिसतात. त्यांच्या मधल्या जागांत ऑजाइट पिवळं, निळं, तांबडं उजळतं. मॅग्नेटाइटचे ठिपके काळे ते काळेच. सूक्ष्मदर्शकाचा मंच हळूहळू फिरवला की काडीतल्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या होतात आणि पांढऱ्या काळ्या. काड्या बारीक आहेत की ठळक, यावरून लाव्हा झटपट निवाला की सावकाश, हे सांगता येतं. खडीच्या तुकड्यात एवढा मजकूर असतो. वाचणारा पाहिजे.

पण या विषयाचा खरा वर्ग रस्त्याच्या कडेला भरतो. सह्याद्रीतल्या घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे उभे राहा. तळाशी घट्ट काळा खडक, त्यात उभ्या भेगा. त्यावर भोकाभोकांचा थर. ती भोकं म्हणजे निवणाऱ्या लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. पुढे कित्येकांत झिओलाइट नावाची पांढरी खनिजं भरली. त्याच्यावर कुठे कुठे विटेच्या रंगाचा लाल पट्टा आणि पट्ट्यावर पुन्हा घट्ट काळा खडक. विद्यार्थ्याला त्या लाल पट्ट्याला हात लावू द्या. एक लाव्हा येऊन निवाला. पुढचा येईपर्यंत इतका काळ गेला की वरचा खडक झिजून त्याची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि त्याने ती माती झाकली. वहीत हे वाक्य दहा वेळा लिहून जे कळत नाही, ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

हे घडलं सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. आजही जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. डायनासोर संपले तो हाच काळ. त्यांच्या अंतात आपल्या लाव्ह्याचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या लघुग्रहाचा किती, यावर जगभरचे शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत. तो वाद घालण्यासाठी ते आपल्या घाटात येतात, महाबळेश्वरच्या कड्यांतले नमुने पिशव्यांत भरून नेतात. आपली मुलं त्याच कड्यावर फोटो काढून परततात. दोष मुलांचा नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

विदर्भातलंही ऐका. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. शास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यातून गवताच्या पेशींत घडणारे सिलिकेचे सूक्ष्म कण बाहेर काढले. 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, याचा तो पुरावा होता. तोवर गवताचा पसारा डायनासोरांनंतरचा समजत. जगाच्या पाठ्यपुस्तकांत दुरुस्ती करायला लावणारी गोष्ट वरोऱ्याच्या मातीत पडून होती. ती उचलायला शिकलेला डोळा लागतो. तो डोळा बी.एस्सी.च्या वर्गात घडतो, आकाशातून पडत नाही.

आता पोटापाण्याकडे येऊ. त्यातही आधी पाण्याकडे.

गावात बोअर मारायची ठरली की आजही कितीतरी ठिकाणी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवतो, शेतातून चालतो, नारळ उभा राहिला की खूण करतो. मशिन येतं, कर्जाचा पैसा जमिनीत जातो. दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट. वर येते ती धूळ. शेतकरी नशिबाला दोष देतो. नशिबाचा इथे संबंध नाही. अखंड घट्ट पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. पाणी असतं वरच्या झिजलेल्या मुरमात, सांध्यांत, भेगांत, दोन थरांच्या जोडावर. एखादा डाईक, म्हणजे खडकाचा पट्टा, जमिनीत भिंतीसारखा उभा घुसलेला असेल, तर तो पाणी अडवतो किंवा स्वतः भेगाळलेला असेल तर वाहून नेतो. हे सगळं जमिनीवरून बरंचसं वाचता येतं. आजूबाजूच्या विहिरी बघायच्या, कुठला थर किती खोलीवर लागला ते लिहायचं, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, ओढ्याच्या काठी उघडा पडलेला खडक तपासायचा, नकाशावर मांडायचं. गरज पडली तर चार लोखंडी खुंट ठोकून जमिनीचा विद्युत रोध मोजायचा. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यातलं बरंच यायला हवं, आणि चांगल्या विभागात ते येतंही.

गंमत म्हणून सांगत नाही, आदराने सांगतो: आपले विहीर खोदणारे कामगार हा विषय अर्धा जाणतात. मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण हे त्यांचे शब्द आहेत. कुठल्या थरात सुरुंग लावायचा आणि कुठे पहार चालते, हे त्यांना हाताने कळतं. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिली मुलाखत घ्यायची ती या माणसांची. पुस्तकाची भाषा आणि विहिरीची भाषा एकत्र आली की गावाचा भूजल नकाशा तयार होतो. पुण्यात अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था लोकांना हाताशी धरून हेच काम करत आली आहे. महाराष्ट्राने भूजलाचा 2009 चा कायदा केला आणि 60 मीटरहून खोल जाणाऱ्या विहिरींवर बंधन आणलं. कायदा चांगला आहे. पण गावात तो समजावून सांगणार कोण? तहसीलदार? त्याला थर कोण दाखवणार?

दुसरी गोष्ट डोंगरांची. 30 जुलै 2014, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. दीडशेवर माणसं गेली. 22 जुलै 2021, महाडजवळचं तळीये, ऐंशीहून अधिक. 19 जुलै 2023 ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. दहा वर्षांच्या आत तीन वस्त्या डोंगराखाली गेल्या, तिन्ही जुलैत. प्रत्येक वेळी आधी ढिगारा, मग मंत्री, मग समिती. वरातीमागून घोडे.

डोंगर कधी कोसळेल याची वेळ कुणालाच सांगता येत नाही, हे मान्य. पण कुठला उतार धोक्याचा आहे, हे पुष्कळदा आधी दिसू शकतं. उताराच्या माथ्याशी जमिनीला लांबट भेगा पडतात. झाडं, विजेचे खांब कलतात. घराच्या भिंतींना तिरपे तडे जातात. नेहमीच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा नव्या जागी पाझर फुटतो. खाली घट्ट खडक, वर जाड झिजलेली माती, पायथा रस्त्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी कापलेला आणि वरून दोन-तीन दिवस कोसळणारा पाऊस, असं सगळं जमून आलं की वस्ती हलवायची असते. ही लक्षणं विशीतल्या मुलीला शिकवता येतात. तिला प्रत्येक पावसाळ्याआधी पंचवीस वाड्यांवर पाठवता येतं. आपण पाठवत नाही. पायथा कापणारा जेसीबी मात्र वेळेवर पोहोचतो.

तिसरी गोष्ट भूकंपाची. 11 डिसेंबर 1967 ला कोयना हादरलं. धरणाच्या जलाशयाने भूकंपाला चालना मिळते, याचं जगात सर्वाधिक अभ्यासलं गेलेलं उदाहरण आपल्या पाटण तालुक्यात आहे. तिथल्या खडकाच्या पोटात काय चाललंय हे पाहायला तीन किलोमीटर खोल भोक घेतलं गेलं आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट तर लातूर-धाराशिवचा माणूस विसरूच शकत नाही. किल्लारीत आणि आसपासच्या गावांत सुमारे 10,000 माणसं गेली, आणि तो प्रदेश स्थिर समजला जात होता. माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. जमिनीची जाण आणि बांधकामाची जाण गावात एकत्र नांदत नव्हती, त्याचा हा हिशेब आहे.

एवढं सगळं समोर असताना आपण ही पदवी शिकवतो कशी? इथे कॉलेजांना दोन शब्द.

प्रॅक्टिकलच्या खोलीत जा. लाकडी ट्रेमध्ये वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेले नमुने. मुलं खनिज ओळखत नाहीत, तुकडा ओळखतात. कोपरा तुटलेला तो ऑर्थोक्लेज, ज्यावर निळ्या पेनाचा डाग आहे तो फ्लुओराइट. स्पॉटिंगमध्ये पैकीच्या पैकी. हीच मुलं डोंगरावर नेली की फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांत गडबडतात, कारण डोंगराचा कोपरा तुटलेला नसतो. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं, खाली सरांची सही. थरांचा कल मोजायचा ब्रंटन कंपास काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. हातोडे गंजलेले. सहलीचं विचारलं की उत्तर तयार: निधी नाही, परवानगी नाही, जबाबदारी कोण घेणार?

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहे, ऑन जॉब ट्रेनिंगलाही आहे. कागदावर सगळं आहे, पण ते कागदावरच राहतं. म्हणून सांगतो, फील्डवर्क हा भूशास्त्राच्या पदवीचा कणा आहे. ते वगळून दिलेली पदवी म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक. महाराष्ट्रातल्या मुलाला तर बाहेर पडल्यावाचून गत्यंतरच नाही. आपल्या बहुतेक भागात थर आडवेच. घड्या पडलेले खडक बघायला त्याला भंडारा-गोंदियाकडे जायला हवं, कोळशाचे थर बघायला वणी-चंद्रपूरकडे, जांभा बघायला रत्नागिरीकडे, अमोनाइटचे जीवाश्म बघायला कच्छला. डिप आणि स्ट्राइक, म्हणजे थराचा कल आणि दिशा, फळ्यावर खडूने शिकलेला विद्यार्थी आणि उन्हात खडकाच्या तिरक्या पृष्ठावर कंपास टेकवून शिकलेला विद्यार्थी, यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

हे काम साध्या कॉलेजातून होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी दाराशॉ नोशेरवान वाडिया यांचं नाव आठवावं. 1907 मध्ये ते जम्मूच्या कॉलेजात शिकवायला लागले. सुट्ट्यांत हिमालय पायी तुडवला. भारतीय विद्यार्थ्याला भारताचं भूशास्त्र शिकायला नीट पुस्तक नव्हतं, ते त्यांनी लिहिलं आणि 1919 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच पुस्तकावर शिकल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ते गेले ते त्यानंतर. एका कॉलेजच्या मास्तरने एवढं केलं. आज आपल्याकडे बस आहे, उपग्रहाची चित्रं आहेत, मोबाइलमध्ये नकाशा आहे.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगायचंय. "मुलीला डोंगरात कुठे पाठवायचं?" हा प्रश्न आता थांबवा. 1983 च्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक, सुदीप्ता सेनगुप्ता, भूशास्त्रज्ञ होत्या. दुसऱ्या अदिती पंत, मूळच्या नागपूरच्या, समुद्रशास्त्रज्ञ. 2019 पासून जमिनीखालच्या खाणीत काम करायची वाटही स्त्रियांना खुली झाली. कायदा सरकला. घरानेही सरकावं. आणि कॉलेजांनी सहलीच्या मुक्कामी स्वच्छतागृह आणि सोबत शिक्षिका यांची सोय आधी करावी, भाषणं नंतर.

आता नोकरी. इथे गोड बोलून कुणाला फसवायचं नाही. केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची परीक्षा आहे आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. आलीच, तिच्यासाठी आयआयटीची प्रवेश परीक्षा देता येते, पवईला भूविज्ञानाचा विभाग आहे, नागपूर आणि पुण्याच्या विद्यापीठांत आहेत. नागपूर तर या विषयाचं राज्यातलं मोठं केंद्र: मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं मुख्यालय तिथे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं तिथे, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय तिथे. मेट्रोचे बोगदे, घाटातले बोगदे, धरणांचे पाये, तेलविहिरी, सिमेंटच्या चुनखडीच्या खाणी, उपग्रह नकाशांचं काम, सगळीकडे भूशास्त्र जाणणारा माणूस लागतो. काम आहे. पण केवळ बी.एस्सी.वर मिळणाऱ्या जागा फार थोड्या आहेत, हेही खरं. आणि हा दोष विद्यार्थ्याचा नाही, राज्याचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याला एक भूशास्त्राचा पदवीधर नेमा. दगडाचा डॉक्टर वगैरे गोंडस नाव नको. पद हवं, पगार हवा, मोटारसायकल हवी. त्याचं काम तीन ओळींत लिहिता येतं. गावच्या विहिरींची पातळी वर्षातून दोनदा मोजणं आणि बोअरची जागा सुचवणं. पावसाळ्याआधी डोंगराखालच्या वाड्या तपासणं. आणि रस्ता किंवा सपाटीकरणासाठी उताराचा पायथा कापण्याआधी कागदावर सही देणं किंवा नाकारणं. ती सही असल्याशिवाय जेसीबी चालू व्हायचा नाही. एका कोरड्या बोअरवर शेतकऱ्याचे किती पैसे जातात आणि एका गाडलेल्या वाडीच्या पुनर्वसनावर सरकारचे किती, हे मांडा आणि मग सांगा हे पद महाग आहे का.

ज्या दिवशी ही जागा निघेल, त्या दिवशी भूशास्त्राच्या बी.एस्सी.ची यादीही भरेल. तोवर थांबायचं कारण नाही. ज्यांना हा विषय ओढतोय त्यांनी फॉर्म भरावा, मान वर करून भरावा. घरात प्रश्न आला की गावातल्या कोरड्या बोअरची गोष्ट काढावी. ती घरातल्या थोरांनाच जास्त ठाऊक असते. आणि कॉलेजात पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना विचारावं: "सर, फील्डला कधी जायचं?" उत्तर तारखेसकट मिळालं, तर तिथेच राहा आणि जीव लावून शिका. तारीख मिळाली नाही, तर पुन्हा विचारा. दर सोमवारी विचारा, सगळ्या वर्गाने मिळून विचारा, प्राचार्यांच्या दारात जाऊन विचारा. तारीख मिळेपर्यंत विचारत राहा.